अन्नपूर्णेचा पहिला खेळ

दुर्गाघाट, काशी
ता. १६ डिसेंबर १९३७

ती. कालिंदीताईस विष्णूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या नागपुरात एवढी थंडी नसेल. मलइयोवाल्याच्या दुधाच्या गोड फेसाच्या हंडीभोवती सकाळीच झुंबड उडते, तू असतीस तर... असो. बोलपटाचं सांगायला बसलोय.

कानपूर-पाटणा भटकून कुठल्या थिएटरात काय चाललं, काय पडलं, ते सगळं मी विचारून आलो होतो. देवाचा बोलपट, भरपूर गाणी, मध्यंतराआधी रडारड, एवढं जमलं की गर्दी हटत नाही. एकदाही चुकलेलं नाही! (पाटण्यात एका बैलाने देवाचं पोस्टरच खाल्लं, ती गंमत निराळीच.) म्हणून अन्नपूर्णेवरचा बोलपट आणायचा हट्ट मीच धरला. आमच्या थिएटरचे मालक दिनानाथबाबू म्हणाले, "खेल चला तो मैनेजरी तेरी. नहीं तो घर जाके घंटी बजाना, पंडित!" यज्ञेश्वरदादानेही तेच धरून ठेवलं. पडला तर मुकाट्याने मंगळागौरीच्या देवळात त्याच्या मागे पूजेला बसायचं. मी बेधडक हो म्हटलं. आकडे माझ्या बाजूचे होते ना!

काल पहिला खेळ. पाय ठेवायला जागा नाही. बायकांनी चपला दाराबाहेर काढल्या, तेव्हा मी बाबूंना डोळाही मारला. पडद्यावर देवी प्रकटली. त्याबरोबर बायकांतून एक जण उठली, पडद्यापाशी फुलं वाहिली, स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली आणि सरळ बाहेर! तिच्यामागे सगळी रांग. मग पुरुष. दर्शन झालं की मागच्याला जागा द्यायची, आपली रीतच ना ती! मी दारात आडवा झालो, "अहो, खेळ बाकी आहे!" तर एक काकू म्हणतात, "दर्शन झालं की रे. आता काय देवीच्या डोक्यावर मिऱ्या वाटू?"

गाणी, रडारड, सगळं रिकाम्या खुर्च्यांपुढे.

आज कुणी फिरकलंच नाही. खरी देवी चार गल्ल्यांपलीकडे असताना तिकीट कोण काढणार? कानपुरात हे कुणाला विचारायचं सुचणार होतं, सांग!

ताई, ती पहिली उठलेली बाई आपली आई होती.

मी थिएटरात नोकरीला लागल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. बाहेर येऊन तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "एवढ्या लोकांना दर्शन घडवलंस विष्णू. मी उगाच रुसले रे."

आता तिला वाटतंय, मी आपल्या मनानेच पूजेला बसतोय. तुलाही तसंच आनंदाने लिहील. लिहू दे. खेळ कुणामुळे उठला, ते तिला जन्मात कळू देऊ नकोस.

उद्या पहाटेपासून दादाच्या पाठीमागे,
तुझा विष्णू