मोडलेल्या फांदीबद्दल

ताई,

पेरूची फांदी तुझ्या चिमणीने नाही, मी मोडली. तशी ती मोडलेलीच नाही, नुसती जमिनीवर राहायला आली आहे.

‘मामा, वरून आपलं घर काडेपेटीएवढं दिसतं,’ असं तुझी लेक म्हणाली, म्हणून परवा चढलो. खरंच दिसतं गं! आनंदाने पाय हलवले आणि फांदीसकट खाली आलो.

काल जेवताना तू तिला रागावलीस, झाड बंद केलंस. तिने माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. मी मान खाली घालून आणखी भाजी वाढून घेतली.

तिला चढू दे. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून लवकर निघालो.

तरी अर्जदाराचं वय आठ वर्षं धरून त्यालाही झाडावर चढण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

तुझा भाऊ