शुभदा जिथे बसायची

रविवार, सायंकाळ.

मी विनायक दाते, वाणिज्य पदवीधर, वय छप्पन्न, मार्चपासून विधुर. आज जे कळले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

माझी मुलगी केतकी मला बरोक या नक्षीदार, भपकेबाज युरोपीय शैलीतील एका जुन्या महालात घेऊन गेली. तेलाच्या धंद्यातील धनिकाने बांधलेला. आता तेथे कलासंग्रहालय आहे. प्रत्येक सहलीला नेतो तसा वेळापत्रकाचा कागद मी छापून नेला होता. एका दालनास बारा मिनिटे. तिसऱ्या दालनात केतकी लाल बाकावर बसली, ती उठेचना.

"केतकी, उशीर होतो आहे."

"बाबा, आई इथेच बसायची. तासभर. सीलिंगकडे बघत."

शुभदा? येथे? कधी?

"दोनदा आलो आम्ही, तुम्ही ऑफिसला असताना. शी सेड, बाबांना सांगू नकोस, ते टाइमटेबल करतील."

तिने रागाने सांगितले असते तर बरे झाले असते. ती हसत होती, आईची गंमत म्हणून.

मी त्या लाल बाकावर बसलो. छतावर नुसते ढग रंगवलेले. तासभर काय पाहत असेल? सव्वीस वर्षे प्रत्येक ठिकाणी मी दाराशी उभा राहून घड्याळ दाखवले. ती मुकाट्याने उठायची, आणि तिला ते पटते असे मी धरून चाललो.

"काय बोलायची ती?"

"नथिंग, बाबा. खूप खूश असायची."

आज ती तेथे बसलेली असती आणि मी दारात दिसलो असतो, तर ती लगेच उठली असती.

वि. दाते
शुगर लँड, टेक्सास
१२ ऑक्टोबर २०२५