एका कान्याचा फरक

मंगळवार, संध्याकाळ
कवठे येमाई

चूक माझी, तरी राग आबांचाच येतोय. दूध प्यायलं की आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, पोट फुगतं, म्हणून काल डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. घरी आल्यावर मी विज्ञानाची बाई कारण समजवायला गेले, "आबा, तुमच्या पोटात एक विकर कमी आहे." आणि आज शाळेतून येते तर आबा पेलाभर दूध पिऊन पोट धरून बसलेले!

"डॉक्टर नको म्हणाले होते ना?"

"आगं, तूच म्हनलीस, विकार कमी हाय. मंग भ्यायचं कशाला?"

विकर म्हणजे एन्झाइम, विकार म्हणजे आजार. एक काना! वर्गात फळ्यावर लिहिते, म्हणून पोरांना तो दिसतो तरी. घरात कुठला फळा?

पुन्हा बसले सांगायला. दुधातली साखर म्हणजे कुलूप, विकर म्हणजे किल्ली. प्रथिनाची लांब साखळी दुमडून ती घडते. एकाच जातीच्या कुलपाला लागते, आणि एक उघडलं की तीच किल्ली पुढचं उघडते. वयाबरोबर तुमच्या किल्ल्या कमी झाल्या. न उघडलेली साखर आतड्यात आंबते, त्याचाच हा गॅस.

"मंग दही कसं सोसतं मला?"

"विरजणातले जिवाणू बरीच कुलपं आधीच उघडून ठेवतात."

आबा एका कान्यानं दुखलेलं पोट चोळत होते. मग म्हणाले, "म्हंजी विरजणाकडं किल्ली हाय, आन् घरच्या मालकाकडं न्हाई."