घरातून गहू गेला

१२ जुलै १९८१, रविवार

आजपासून गहू बंद. कायमचा. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या माझं मलाच नाकारता येणार नाही.

शामला प्रमोशनवर काटोलच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाली, त्याला दोन आठवडे झाले. सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जाते, शनिवारी संध्याकाळी परत येते. तिथं एक खोली घेतली आहे. अर्थात तात्पुरती व्यवस्था. तिची बदली पुन्हा नागपूरला होईलच.

तेव्हापासूनच माझं पोट फुगतं आहे. योगायोग.

काल डॉक्टरांकडे गेलो. खाता काय, विचारलं. सकाळी टोस्ट, दुपारी ऑफिसच्या कँटीनचा समोसा, रात्री ब्रेड. डॉक्टर म्हणाले, गव्हात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, काहींना तो सोसत नाही. काही दिवस गहू-मैदा-रवा सोडा, मग पुन्हा खाऊन बघा, काय ते कळेल. जेवायला कुणाची सोबत असते का, असंही त्यांनी विचारलं. हा प्रश्न वैद्यकीय नव्हता, म्हणून उत्तर दिलं नाही.

ग्लूटेन! पन्नाशी उलटेपर्यंत आपल्या शत्रूचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

शामलाला सांगितलं. म्हणाली, 'मग ज्वारीची भाकर थापायला शिका की. मी शिकवते आज.' नको म्हणालो. आपल्याला सायंटिफिक रीतीनं जायचं आहे.

१५ जुलै

एकट्यानं भाकर थापून बघितली. परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे विदर्भ आणि मराठवाडा वेगळे झाले. भाकर ही मुळात जुनी टेक्निक आहे. ज्वारीचा ब्रेड करायचा.

२० जुलै, सोमवार

ऑफिसात डबा खाताना सर्वांना ग्लूटेनबद्दल सांगितलं. चांगलीच छाप पडली. शेजारच्या टेबलावरच्या ओमप्रकाशनं विचारलं, 'देवरावजी, ये ग्लूटेन कौनसे प्लॅटफॉर्मवर येते?' सगळे हसले. अज्ञान.

त्यालाच नंतर सांगितलं, तुझं टक्कल ग्लूटेनमुळंच पडलं आहे. तेव्हा कुणी हसलं नाही.

२६ जुलै, रविवार

काल इतवारीच्या बाजारात जाऊन ओव्हन आणला. गोल, अॅल्युमिनियमचा, झाकणावर छोटी काच. आत काय चाललंय ते दिसतं.

दुसरं महत्त्वाचं काम: घर गहूमुक्त केलं. उन्हाळ्यात शामलानं वर्षाचे गहू घेऊन, निवडून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरले होते. शेजारच्या बाबारावांना देऊन टाकले. बाबाराव दोन-तीनदा म्हणाले, 'काहून गा देवराव? वहिनीले विचारलं का?' मी म्हणालो, तब्येतीच्या बाबतीत विचारायचं काय असतं.

शामला आली, कोठी उघडली, बंद केली. म्हणाली, 'थोडे मी काटोलला नेले असते.' मग काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

३ ऑगस्ट

पहिला ब्रेड.

ज्वारीचं पीठ, थोडं तांदळाचं, यीस्ट बेकरीवाल्याकडून मागून आणलं. दोन तास फुगायला ठेवलं. फुगलं नाही. मग ओव्हनमध्ये. काचेतून बघत बसलो होतो. मधेच लाइट गेली. तासानं आली. वरून दगड, आतून पिठलं.

विचारान्ती कारण सापडलं. ब्रेडला धरून ठेवतं ते ग्लूटेनच. ज्याअर्थी ब्रेड फुगला नाही, त्याअर्थी माझ्या ब्रेडमध्ये ग्लूटेन अजिबात नाही. प्रयोग यशस्वी.

९ ऑगस्ट, रविवार

शामला काटोलहून येताना डब्यात पोळ्या घेऊन आली. घरमालकीण कौशल्याबाईंनी मुद्दाम करून दिल्या होत्या, म्हणाली. मऊ होत्या असं दिसलं. मी नियम समजावून सांगितला: या घरात गहू नाही म्हणजे नाही, पाहुणा म्हणूनही नाही. दुपारभर ग्लूटेनवर सविस्तर बोललो. ती वह्या तपासत होती, पण ऐकत होती. मधेच म्हणाली, 'आमच्या शाळेत परवा गंमत झाली...' मी म्हणालो, आधी हे पूर्ण होऊ दे. नंतर दोघंही विसरलो.

१६ ऑगस्ट, रविवार

शामला आली नाही. काल झेंडावंदन होतं, आज पालकांची सभा. मुख्याध्यापिकेला सुट्टी कुठली.

बाबारावांच्या सिंधूताई ताट झाकून घेऊन आल्या. 'भाऊजी, शिरा आहे जी, गरम गरम खाऊन घ्या.' रवा! नम्रपणे परत केला. कारणही सांगितलं, दारातच, दहा-पंधरा मिनिटं. शिरा निवला असावा.

२९ ऑगस्ट, शनिवार, पोळा

शामला आली. आल्याआल्या पुरण शिजायला टाकलं. कणीक सिंधूताईंकडून मागून आणली, म्हणजे आमचेच गहू. मी मनाचा मोठेपणा दाखवून सणापुरतं चालू दिलं, पण स्वतः स्पर्श केला नाही. माझ्या ब्रेडवर (चौथी आवृत्ती, उकडलेला बटाटा घालून) तूप घेतलं.

शामला म्हणाली, 'एक खा. सणाचं आहे.' मी म्हणालो, आज एक खाल्ली तर पाया ढासळतो. तिनं वाढून घेतलेलं ताट उचललं आणि सिंधूताईंकडे जेवायला गेली. भिंतीपलीकडून आवाज येत होते. ब्रेड मला पूर्ण जेवायला मिळाला.

३० ऑगस्ट, तान्हा पोळा

पोरं लाकडी बैल सजवून बोजारा मागायला आली. नाणी देण्याऐवजी मी यंदा ज्वारीची बिस्किटं दिली. आरोग्य लहानपणापासूनच हवं. एकानं बिस्किट बैलाच्या तोंडाला लावलं आणि म्हणाला, 'काका, हा बी नाही म्हणते.' शामलानं आतून सुटे पैसे आणून वाटले.

१९ सप्टेंबर

शामला आता एक आड एक रविवारी येते. एस.टी.त फार गर्दी असते.

वजन कमी झालंय. पँट दोरीनं बांधावी लागते. ओमप्रकाश म्हणाला, 'तबियत बघा देवरावजी, चेहरा उतरून गेला तुमचा.' हलकेपणा आणि उतरणं यांतला फरक त्याला कळत नाही. पोट अजून फुगतं. जुनं ग्लूटेन बाहेर पडत असावं.

८ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला चारजण आले. कुणी काही खायला आणलं नाही. गेल्या वर्षीपर्यंत डब्यांनी ओटा भरायचा. लोकांना माझी शिस्त कळली आहे, मान राखतात.

सिंधूताई दारातूनच आपट्याची पानं देऊन गेल्या. या म्हणालो. 'नाही जी, चुलीवर आहे,' म्हणाल्या. त्यांच्याकडे गॅस आहे.

३१ ऑक्टोबर

दिवाळीला शामला आली, पाच दिवस राहिली, परवा गेली. सुट्टी मोठी आहे, पण स्कॉलरशिपच्या मुलींचे जादा वर्ग घ्यायचे आहेत. मी म्हणालो, आता बदलीचा अर्ज टाक. 'बघू,' म्हणाली. 'बघू' म्हणजे होच. बावीस वर्षांत तिचा 'बघू' मला कळत नाही असं थोडंच आहे.

जाताना तिनं माझ्या दोन्ही पँटी कमरेत आत घेऊन शिवून ठेवल्या.

घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. त्यामुळं घर तसंही शांतच असतं. आता जरा जास्त शांत आहे. रेडिओचा आवाज वाढवला.

१५ नोव्हेंबर, रविवार

जमलं! ब्रेड सोडला, केककडे वळलो. तांदळाचं पीठ, थोडी ज्वारी, दही, सोडा, कुस्करलेलं केळं, संत्र्याचा रस आणि साल किसून. फुगला! काचेतून फुगताना दिसला! वास तर असा की मी बाहेर जाऊन पुन्हा आत आलो, वास घ्यायला.

कुणाला तरी दाखवावा म्हणून बाबारावांकडे गेलो. कुलूप होतं. सगळे लग्नाला गेल्याचं समोरच्यांनी सांगितलं. पत्रिका माझ्याकडे आली नव्हती. लग्नात मी काय खाणार, असा विचार त्यांनी केला असेल. काळजीच.

केक आठवडाभर पुरेल. 

२१ नोव्हेंबर, शनिवार

शामला तीन आठवड्यांत आली नाही. निर्णय: उद्या आपणच काटोलला जायचं. न कळवता. केक घेऊन. तिला कळेल की मी स्वयंपाकात स्वावलंबी झालो आहे, आता बदली करून आली तर तिला त्रास काहीच नाही. उलट केक मिळेल.

मागचा आठवडाभर पुरला, शेवटचा तुकडा थोडा आंबला होता. आजचा केक त्यापेक्षा चांगला झाला आहे. झाकणाच्या डब्यात ठेवला.

२२ नोव्हेंबर, रविवार

काटोलला जाऊन आलो. नीट लिहितो.

डबा पूर्ण वेळ मांडीवर धरला होता. खोली शोधायला वेळ लागला नाही, 'मोठ्या बाई' म्हटल्यावर पानठेल्यावाल्यानंच दाखवली. दाराशी पोचलो तर आतून कुणी मोठ्यानं हसत होतं. वाटलं, चुकीचं घर. मग आवाज ओळखला. शामला होती. मग कडी वाजवली.

आत ती, घरमालकीण कौशल्याबाई आणि जयवंता म्हणून एक तरुण शिक्षिका जेवत होत्या. शामला उठली. 'अहो, तुम्ही? बरं आहे ना सगळं?' मी केक आणलाय म्हणालो. कौशल्याबाई म्हणाल्या, 'मोठ्या बाईचे मालक का जी तुमी? या, बसा. आमाले वाटलं तुमी बाहेरगावी नोकरीवर असता.'

ताट वाढलं. वांग्याची भाजी, वरण, पोळ्या. मी नियम सांगणार होतो. तिघी माझ्याकडे बघत होत्या. खाल्ली. मग कौशल्याबाई वाढतच गेल्या आणि मी नाही म्हणालो नाही. जयवंताबाई शाळेतल्या एका मुलीची नक्कल करत होत्या, ती मुलगी कविता म्हणताना दर ओळीला नाक ओढते. शामलानं ती गोष्ट पुढं नेली. तिला नकला येतात हे मला माहीत नव्हतं.

केक कापला. चांगला आहे म्हणाल्या. कौशल्याबाईंनी विचारलं, 'याले दुधात भिजवाचं असते का?'

शामला स्टँडवर सोडायला आली. संत्र्याच्या पेट्या ट्रकवर चढत होत्या, तिथं जरा थांबली. म्हणाली, 'एक सांगायचं होतं. ऑगस्टमध्येच मला विचारलं होतं. नागपूरची जागा रिकामी होती. मी नाही म्हटलं.'

मी म्हणालो, 'गव्हामुळं?'

ती रागावली नव्हती. 'गव्हाचं काय घेऊन बसलात हो,' म्हणाली.

मग म्हणाली, 'इथं शाळेतून आले की कुणी तरी विचारतं, बाई, आज काय झालं? मग मी सांगत बसते. तिकडं मी ऐकत असते. आधी तुमची युनियन होती, मग कॉलनीची सोसायटी, आता हे. मला सांगायला बरं वाटून राहिलं.'

मी म्हणालो, मग माझं काय? म्हणजे, म्हणायचं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, गाडी लागली वाटतं.

'येत जा रविवारी,' ती म्हणाली. 'आधी कळवून या फक्त.' खिडकीतून तिनं माझ्या कॉलरवरचं केकचं काही तरी झटकलं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

पाच पोळ्या खाल्ल्या होत्या. पोट फुगलं नाही. जळजळ नाही, गॅस नाही. सकाळी उठलो तर भूक लागली होती.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, अभिनंदन, खुशाल गहू खा.

२८ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर विचार केला. शामलाला काय काय विचारायचं, ते ठरवलं. शाळेचं इन्स्पेक्शन झालं का, कसं झालं. स्कॉलरशिपला किती मुली बसल्या. त्या पालकसभेत काय झालं. ऑगस्टमध्ये गंमत झाली म्हणत होती, ती काय. मधे बोलायचं नाही, हेही ठरवलं.

कळवायचं म्हणून ऑफिसातून शाळेत ट्रंक कॉल लावला. चपराशानं उचलला. 'मोठ्या बाई पोरी घेऊन ट्रिपले गेल्या साहेब, रामटेकले. सोमवारी येतीन. काही निरोप?'

मी कोण बोलतोय, ते त्यानं विचारलं नाही. निरोप काही नाही म्हणालो.

२९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दाढी केली. मग आठवलं, कुठं जायचं नाही.

दुपारी बाबारावांकडे गेलो. सहजच. ते सगळे पाटावर बसले होते, सिंधूताई गरम पोळ्या वाढत होत्या. दोघंही माझ्याकडे बघून गप्प झाले, मी आता काय सांगतो म्हणून. मी काहीच सांगितलं नाही. बाबाराव म्हणाले, 'जेवला का गा?'

हो म्हणालो.

घरी येऊन भात टाकला. एका माणसाचा भात नेमका किती, ते अजून जमत नाही.