खालच्या खाचरातले ऐन

दादा, तुमचं सडकेलगतचं खालचं भातखाचर आता पार्किंग झालंय. तुम्ही गेल्यावर तुमच्या धाकट्या लेकाने मुरूम टाकून रोलर फिरवला, दोरी बांधली, आणि पावसाळ्यात माळशेजचे धबधबे बघायला येणाऱ्यांच्या गाड्या तिथे उभ्या राहतात. दिवाळीनंतर कोणी फिरकत नाही. मग मुरमातून गवत वर येतं, शेळ्या येऊन बसतात, आणि ते बघायला मला आवडतं. समोरच्या डोंगराचंही असंच होतं ना? ठेकेदाराची माणसं अख्खं रान तोडून न्यायची, नुसते बुंधे उरायचे. मी रडवेली व्हायचे आणि तुम्ही तंबाखू मळत म्हणायचात, "अगं, तोडलंय, उपटलं न्हाई. येतंय परत." आणि दोन-चार पावसाळ्यांत ते यायचंही.

बांधावरची ती दोन ऐनाची झाडं तर तुम्ही दर हिवाळ्यात बोडकी करायचात, राबासाठी. फांद्या वाळवून खाचरात जाळायच्या आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. एकदा मी हौसेने कोयता घेतला आणि एक फांदी पार बुडाशी तोडली, तेव्हा केवढे ओरडलात! "फुटायला डोळा ठेव म्हनलं व्हतं ना? पुढल्या साली काय तोडशील, तुझं बोट?" मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. रात्री जेवताना तुम्ही तुमच्या वाटचं लोणी गुपचूप माझ्या भाकरीवर ठेवलंत.

यंदा उन्हाळ्यात धाकट्याचा मला कळंबला घरी फोन आला. "ताई, ऐन काढायचे म्हनतोय. गाड्या वळत न्हाईत, लोक शिव्या घालून पुढं जात्यात. पन तू नको म्हनलीस तर हात लावनार न्हाई." नाही म्हणायचंच ठरवून मी तावातावाने गावी मढला गेले. बघते तर कडेला वाळलेल्या फांद्यांचा हा ढीग! हे काय, म्हटलं. तो खाली बघत म्हणाला, "हिवाळ्यात सवयीनं चढलो आन् तोडलं. राब भाजायला खाचरच न्हाई, हे उतरल्यावर ध्यानात आलं." आम्ही दोघं खूप हसलो. मग तोच म्हणाला, "पोरांना हितंच ठेवायचंय गं, ताई. भातावर न्हाई भागत."

मी काढ म्हणाले. निदान बुंधे राहू देत, फुटतील, असंही म्हणून पाहिलं, तर म्हणाला, "मंग गाडी कशी वळंल?" जेसीबीने मुळासकट काढले. मुळं इतकी लांब गेली होती की निम्मा बांध त्यांच्याबरोबर वर आला. फार वाईट वाटलं, दादा. राग काढावा तर समोर धाकटा तोंड फिरवून उभा.

त्याच्यावर रागावू नका, एवढंच सांगायला लिहायला बसले होते. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, मग खोटं तरी कशाला लिहू? मीही आता गाडी चालवते. परवा गेले तेव्हा तिथे तोबा गर्दी होती. धाकट्याने शिट्टी वाजवून मला आत घेतलं. ऐन होते त्या जागेवरून गाडी एका दमात वळली, आणि दादा, मला बरं वाटलं.