आई आभार मानत नव्हती

बाबा, आपल्या तोंडवलीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही आता पर्यटकांना देतो. तुम्हाला ते आवडलं नसतं. गेल्या हिवाळ्यात एक परदेशी जोडपं उतरलं होतं. त्यातली बाई पडवीत बसून आईला सोलकढी कशी करतात ते विचारत होती, आणि मी मधे बसून हिचं तिला, तिचं हिला सांगत होते. पाहुणी आत गेली तशी आई नारळ खोवायची थांबली. म्हणाली, "मी बोललंय तसांच सांगतंस गो?" मी म्हटलं, "होय, तसांच." मग तिनं विचारलं, "त्या दिवशी चर्चमधी तुझ्या बापाशीन त्या पाद्रीक काय सांगितल्यान?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. तुम्ही असेपर्यंत तुम्हालाही नाही.

तुम्हाला तो रविवार आठवत असेल की नाही, कोण जाणे. इंग्लंडमधल्या त्या लहानशा समुद्रकाठच्या गावात तुम्ही हॉटेलात स्वयंपाकी होतात, आणि आम्हा दोघींना तुमच्याकडे येऊन वर्ष होत आलं होतं. मी शाळेत रुळले होते. आईला कपडे धुण्याच्या दुकानात पँटी आखूड करायचं काम मिळालं होतं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या पदराला दोरे चिकटलेले असायचे. "हंय माका कोण सून म्हणान वळखणा नाय," असं म्हणून ती हसायची. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "शेजारची माणसां बोलवतत, एकदा चर्च बघून येवया." आईनं हिरवी साडी नेसून वर कोट घातला. चर्चच्या दारात ती चपला काढायला लागली, तेव्हा एका म्हातारीनं तिचा हात धरून मानेनंच "नको" म्हटलं.

आत सगळे उभे राहून गातात. तुम्हीही गाता, पुस्तकात न बघता, आणि मला कळतं की तुम्ही इथे पुष्कळदा आला आहात. मग पाद्री आपल्याकडे हात करून बोलायला लागतो. आपल्या या मित्राची बायको आणि मुलगी कायमच्या भारतात परत चालल्या आहेत, घरी आजारी वडील आहेत, त्यांच्या प्रवासासाठी आपण प्रार्थना करू, आणि आपला मित्र इथे एकटा राहील तेव्हा त्याला सांभाळून घेऊ. शाळेतल्या इंग्रजीनं मला सगळं कळत होतं. आई हात जोडून उभी होती. "काय म्हणता तो?" तिनं तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "आपल्याक बरां मागता."

प्रार्थना संपल्यावर बाजूच्या हॉलमध्ये चहा होता. लोक एकेक करून येत होते, आईचा हात हातात घेत होते, आणि ती सगळ्यांना तिला येणारा एकच शब्द म्हणत होती, थँक्यू. मला ते बघवेना. मी तिच्या कानाशी लागून सांगितलं, "आई, ते आपल्याला निरोप देतायत. आपण परत चाललोय." तिनं कप टेबलावर ठेवला. पाद्री समोरच होता. ती तुमच्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माका न इचारता? मी जावचंय नाय. सांगा तेंका." सगळे आमच्याकडे बघायला लागले. तुम्ही हसलात, बाबा. इंग्रजीत म्हणालात, ती म्हणतेय, तुम्हा सर्वांची फार आभारी आहे, घरची ओढ लागलीय. सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं तर तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "गप रव."

घरी जाताना तुम्ही म्हणालात, सांगणारच होतो. आजोबा अंथरुणाला खिळलेत, भाऊ घर सोडून गेला, कुणीतरी जायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण, ते परक्या लोकांना आधी ठाऊक होतं. आईनं तुमच्याशी वाद घातला नाही. आम्ही आलो. तिनं आजोबांचं सगळं केलं, आणि पुढे तुम्ही थकून परत आलात तेव्हा तुमचंही. आजोबा गेल्यावरसुद्धा ती तुमच्याकडे यायचं कधी बोलली नाही. मला वाटायचं, तिची हौस संपली.

पडवीत मी तिला खरं ते सांगितलं. "बाबा म्हणाले, तू सगळ्यांचे आभार मानतंस."

तिनं हातातली नारळाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे सांगितल्यानच नाय?" मग हळूच म्हणाली, "माका वाटलेला, सांगितल्यान. मी जावचंय नाय म्हटलंय म्हणान ती माणसां माका हसली."

आम्हाला धाडलंत, त्याचं कारण तरी होतं. पण तिला त्या हॉलमध्ये कुणी ऐकलंच नाही, आणि ती मात्र इतकी वर्षं धरून बसली की ऐकून सगळे हसले. परत तिकडे जायचं तिनं का टाळलं, ते मला त्या दिवशी कळलं.

यंदा तुमच्या श्राद्धाला तिनं नेहमीसारखं सगळं रांधलं, वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं. पान वाढलं आणि माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तू ठेव भायर." दरवर्षी ती स्वतः ठेवते आणि कावळ्याची वाट बघत उन्हात उभी राहते. मी पान आवाराच्या दगडी गडग्यावर ठेवलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. कावळा माडावर येऊन बसला होता, आणि त्यानं खाली उतरू नये असं मला मनापासून वाटत होतं.