बाणाचं बटण आणि माझी एक ओळ

चि. खटपट्या,

मामाचे आशीर्वाद. तुझं पोट आता बरं असेल. ताईची कंबर कशी आहे? (तिला हे पत्र वाचून दाखवू नकोस, त्या कंबरेला हसणं सोसायचं नाही.) मी ठणठणीत आहे. फक्त सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला तू जबाबदार आहेस.

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तू ते लिनक्स बसवून दिलंस, त्याबद्दल साहेब अजून तुझं नाव काढतात. काळ्या खिडकीत नमुन्याचा क्रमांक घालून आज्ञा लिहायची की निकाल छापून येतो, इथवर मला समजलं. वरच्या बाणाचं बटण दाबलं की आधीची आज्ञा परत येते, नुसता क्रमांक बदलायचा, हेही समजलं. सकाळी मी आणि दुपारी दोननंतर बाई, दोघंही तसंच करतो. (बाई म्हणजे दुसऱ्या पाळीच्या. तुझ्या चहात साखर कमी पडली हे तू न सांगता ज्यांनी ओळखलं होतं, त्या.)

आता मुद्द्याचं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बाईंशी लग्न करावं असं माझ्या मनात आलं आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच. पाळी बदलताना आम्हाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात मी क्लोरीनबद्दलच बोलतो. म्हणून काल नमुने लवकर संपले तेव्हा म्हटलं, आधी लिहून बघावं. नोंदवहीच्या पानांना क्रमांक असतात, ती फाडता येत नाहीत. सुटा कागद कुणाच्याही हाती लागेल. काळी खिडकी मात्र मोकळीच होती. तिच्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘बाई, आपण लग्न करू या का’, आणि सवयीने एंटर दाबलं. यंत्र म्हणालं, ‘बाई’ अशी आज्ञा सापडत नाही. मी शब्द फिरवून चार वेळा विचारलं, चारही वेळा तेच. शेवटी तू पडद्याशेजारी चिकटवलेल्या चिठ्ठीतलं ‘क्लिअर’ लिहिलं, पडदा लख्ख झाला आणि मी निश्चिंत मनाने घरी गेलो.

आज सकाळी बाण दाबला तो चारपाचदा जास्तच दाबला गेला. आधी बाईंच्या आज्ञा आल्या, मग कसलीशी लांबलचक ओळ (माझ्याच प्रयत्नांपैकी असणार, लाजेने वाचली नाही), आणि थोडं पुढे ‘बाई, आपण’ माझ्यापुढे हजर! पुसलेलं परत कसं आलं? की पुसलंच नव्हतं? मग ‘क्लिअर’ने झालं तरी काय? मी घाईने नोंदवही उघडली. मध्ये बाईंची अख्खी पाळी होऊन गेली होती. पण नोंदवहीतलं त्यांचं अक्षर नेहमीसारखं टपोरं होतं, म्हणजे त्यांनी पाहिलं नसणार, अशी मी मनाची समजूत घातली.

चिठ्ठीत पुढे जुन्या आज्ञा पुसायला ‘हिस्टरी उणे सी’ होतं (उणे कशातून, ते तू लिहिलेलं नाहीस). ते केलं. बाण दाबला, काही आलं नाही. खिडकी बंद केली, खात्रीसाठी पुन्हा उघडली, तर सगळं जिथल्या तिथे! मग चिठ्ठीवरचा चहाचा डाग खरवडला, तर खाली ‘हिस्टरी उणे डब्ल्यू’ निघालं. दोन्ही लागोपाठ केलं तेव्हा कुठे सारं गेलं. सारं म्हणजे नमुन्यांच्या आज्ञासुद्धा. साहेबांना मी सांगितलं, खाजगीपणासाठी पुसलं. ते म्हणाले, “पाण्याला कसला आलाय खाजगीपणा?”

तर लिहिलेली ओळ मुळात नोंदलीच जाणार नाही अशी काही सोय असेल, तर कळव.

तुझा गोंधळलेला मामा

ता. क. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तोंडाने बोलता आलं असतं तर ही वेळच आली नसती.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द समज. आत्ता दोन वाजता बाई आल्या आणि अॅप्रन चढवता चढवता म्हणाल्या, “काल तुमच्या ओळीखाली उत्तर लिहून ठेवलं होतं. वाचलंत ना?” माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. “मग ठरलं तर,” त्या म्हणाल्या. काय ठरलं? त्या आता साहेबांसाठी कसलासा अर्ज लिहीत बसल्या आहेत (रजेचा की बदलीचा, ते इथून दिसत नाही). मध्येच त्यांनी विचारलं, “पुढच्या महिन्यातला पहिला शुक्रवार चालेल?” मी चालेल म्हणालो. बाळा, तुझ्या पाया पडतो, ती लांबलचक ओळ कुठूनही परत आणून दे. शुक्रवारी नवे कपडे घालून जायचं की त्यांना निरोप द्यायला, एवढं तरी मला कळू दे.